पुस्तक मिटून करायचा अभ्यास

परीक्षा महिन्यावर आली की "वाचून झालं का?" हा प्रश्न चहूबाजूंनी कानावर पडायला लागतो. घोळ इथूनच सुरू होतो. धडा दुसऱ्यांदा वाचताना ओळखीचा वाटतो. तिसऱ्यांदा पुढचं वाक्य काय येणार हेही कळतं आणि मनाला वाटतं, आलं की! पण पेपरात धडा समोर नसतो. समोर एक प्रश्न असतो आणि कोरं पान. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुन्हा पुन्हा वाचून पहिल्याचा सराव होतो आणि मार्क मात्र दुसऱ्याला मिळतात.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना छोटा उतारा दिला. एका गटाने तो चारही सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ६१ वर होते. गंमत म्हणजे, आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

यातला पाच मिनिटांनंतरचा आकडाच घात करतो. वाचून झाल्या झाल्या सगळं येतंय असं वाटतं आणि त्या घटकेला ते खरंही असतं. म्हणून माणूस त्याच पद्धतीला चिकटून राहतो. परीक्षेच्या ताणाचं मूळही बरंचसं इथेच असतं. किती येतंय आणि किती नाही याचा पत्ता नसला की सगळंच राहिल्यासारखं वाटतं. नेमके कोणते सात मुद्दे कच्चे आहेत हे कागदावर आलं, की निदान त्या सातांचं काहीतरी करता येतं.

कोरा कागद

धडा एकदा नीट समजून वाचा. २५–३० मिनिटं पुरतात. मोठा असेल तर त्याचे दोन-तीन तुकडे करा. मग पुस्तक मिटून बाजूला ठेवा, पाणी पिऊन या, पाच मिनिटं जाऊ द्या. त्यानंतर कोऱ्या पानावर धड्याचं नाव लिहा आणि आठ-दहा मिनिटांत आठवेल ते सगळं उतरवा. मथळे, संज्ञा, बाण, आकृती, सूत्रं, काहीही चालेल. वाक्यं पूर्ण नसली तरी हरकत नाही, अक्षराकडेही बघू नका. अडलात तर लगेच पुस्तक उघडायचं नाही. मिनिटभर तसंच थांबा, डोक्याला ताण द्या. तो ताण हाच सगळ्या प्रकरणातला कामाचा भाग आहे. मग पुस्तक उघडा आणि जे राहिलं किंवा चुकलं ते लाल पेनाने त्याच पानावर भरा.

उदाहरण म्हणून हृदयातून रक्त कसं फिरतं हा भाग घेऊ. वाचताना तो अगदी सरळ वाटतो. न बघता लिहायला बसलं की साधारण असं उतरतं: "शरीरातून रक्त उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, मग फुफ्फुसात, मग डाव्या बाजूला, मग शरीरात." पुस्तक उघडून ताडून पाहिलं की लाल पेन चालू लागतं. उजव्या बाजूला अलिंद आणि निलय यांच्यामध्ये त्रिदली झडप राहिली, डावीकडची द्विदली राहिली. "डाव्या बाजूला" म्हणजे आधी अलिंद, मग निलय, मग महाधमनी हा क्रम सुटला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुफ्फुसाकडे जाणारी वाहिनी धमनी असूनही तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, ही मेख पूर्ण निसटली. परीक्षक हटकून विचारतो ती नेमकी हीच. चार वेळा वाचूनही ती डोळ्यांखालून सरकून गेली असती, कारण वाचताना काहीच अडत नाही.

आता हे बिघडतं कुठे? पहिल्या खेपेला पान अर्धंअधिक लाल होतं आणि धीर सुटतो. "मला तर काहीच येत नाही, आधी अजून दोनदा वाचतो" असं म्हणून लोक परत वाचण्याकडे वळतात. लाल पान बघून वाईट वाटतं हे खरं, पण ते पेपरात दिसण्यापेक्षा घरी दिसलेलं कधीही बरं. दुसरा प्रकार म्हणजे अडलं की हळूच पुस्तकात डोकावणं. मग कागद भरतो, पण आठवण्याचा सराव झालेला नसतो. तिसरा म्हणजे ताडून न पाहणं. चुकीचं लिहून तसंच सोडलं तर तेच पक्कं होत जातं. आणि मुळात समजलंच नसेल तर आधी समजून घ्या. न कळलेल्या गोष्टी आठवून लिहिणं ही घोकंपट्टीच, तिला कितीही चांगलं नाव दिलं तरी.

हायलायटरबद्दल एवढंच सांगतो की रंगवलेलं पान दिसतं छान. २०१३मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचं संशोधन एकत्र तपासलं. त्यात अधोरेखन, पुन्हा वाचणं आणि सारांश काढणं या तिन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये पसरून करणं या दोनच पद्धतींना वरचा दर्जा मिळाला. सुंदर नोट्स काढण्यात तीन-तीन दिवस घालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. नोट्स काढायच्याच असतील तर पानाच्या डावीकडे तीन बोटांचा समास सोडा आणि त्यात त्या मजकुराचे प्रश्न लिहा. उजळणीला उजवी बाजू झाकून घ्यायची आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची.

विसरू द्या, मग आठवा

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की नव्याने पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असा त्याचा खटाटोप होता. आपल्या कामाची गोष्ट अशी की विसरायला सुरुवात झाल्यावर केलेली उजळणी जास्त टिकते. एका बैठकीत चार तास एकच धडा धरून बसण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत वाटले तर तेवढ्याच वेळात जास्त पदरात पडतं.

किती अंतर ठेवायचं हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन उजळण्यांमध्ये एक-दोन दिवस, महिन्यावर असेल तर आठ-दहा दिवस, असा ढोबळ हिशोब चालतो. व्यवहारात याचं सोपं रूप असं: आज केलेला धडा उद्या दहा मिनिटं, मग चौथ्या दिवशी, मग अकराव्या दिवशी आणि परीक्षेच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत एकदा. प्रत्येक वेळी कोऱ्या कागदाने सुरुवात करायची आणि पुस्तक फक्त लाल पेनापुरतं उघडायचं. वहीच्या पहिल्या पानावर धड्यांची नावं उभी आणि या चार तारखा आडव्या लिहून ठेवल्या की आज काय करायचं हा विचार रोज करावा लागत नाही. तो विचार करण्यातच अर्धा तास कसा जातो ते कळतही नाही.

व्याख्या, सनावळ्या, सूत्रं, शब्दार्थ अशा तुटक गोष्टींसाठी पुढे प्रश्न आणि मागे उत्तर लिहिलेली कार्डं उत्तम. एका कार्डावर एकच प्रश्न हवा. "जलचक्राचे सगळे टप्पे" असं कार्ड केलं की पाचपैकी तीन आठवतात आणि ते बरोबर धरायचं की चूक, इथेच गाडी अडते. सेबास्टियन लाइटनर याने १९७२मध्ये मांडलेली खोक्यांची पद्धत अजूनही बिनतोड आहे. तीन गठ्ठे करा. पहिला रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यातून एकदा. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, चुकलं तर कुठूनही थेट पहिल्या गठ्ठ्यात. दिवसाला वीसच्या वर नवी कार्डं घेऊ नका. पहिल्या दोन दिवसांच्या उत्साहात साठ-सत्तर कार्डं घेणाऱ्यांचा पाचव्या दिवशी एवढा ढीग साचतो की ते गठ्ठ्यांकडे फिरकतच नाहीत.

गणितं: पद्धत कोणती, हेच तर विचारलेलं असतं

गणित, भौतिकशास्त्र, हिशोबाचे विषय यांत सरावाची कमतरता सहसा नसते. सराव चुकीच्या क्रमाने होतो. एका प्रकरणाची वीस गणितं ओळीने सोडवली की चौथ्यानंतर हात आपोआप चालतो, कारण कोणती पद्धत वापरायची ते प्रकरणाच्या नावानेच सांगितलेलं असतं. पेपरात ते नाव नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७मध्ये हे तपासलं. घनाकृतींच्या घनफळाची गणितं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सरमिसळ करून. सराव करताना प्रकारवार गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत प्रकारवार गट २० टक्क्यांवर घसरला आणि सरमिसळ गट ६३ वर राहिला.

म्हणून नवा प्रकार शिकताना आधी सोडवलेली दोन उदाहरणं ओळ न् ओळ समजून घ्या. मग त्याच प्रकारची तीन-चार गणितं स्वतः करा. बस. त्यानंतर त्याच्या वाटेला जायचं ते मिसळूनच. जुन्या तीन प्रकरणांतली दोन-दोन आणि नव्यातली दोन, अशी आठ गणितं चिठ्ठ्यांवर लिहून पिसा आणि येईल तसं सोडवा. वेळ कमी असेल तर आणखी एक युक्ती आहे. गणित सोडवायचंच नाही, फक्त कोणती पद्धत लागेल, पहिली ओळ काय असेल आणि असं का, एवढंच लिहायचं. दहा मिनिटांत बारा-पंधरा गणितं होतात.

याच्या जोडीला एक चुकांची वही ठेवा. पातळ, कोणतीही चालेल. चुकलेल्या प्रत्येक गणिताची एकच ओळ लिहायची: काय चुकलं आणि का. "सिली मिस्टेक" हे कारण धरायचं नाही, कारण त्यातून सुधारायला काही मिळत नाही. समजा, ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सेकंदागणिक ४ मीटर या मंदनाने थांबते आहे. थांबेपर्यंत ती किती अंतर जाईल? वेग आधी मीटर प्रति सेकंदात आणायचा, म्हणजे २०. २० चा वर्ग ४००, भागिले ८, उत्तर ५० मीटर. घाईत ७२ तसाच घातला तर ५१८४ भागिले ८, म्हणजे ६४८ मीटर. वहीत लिहायचं ते असं: "एकक बदललं नाही. उत्तर आल्यावर ते पटण्यासारखं आहे का, हे पाहिलं नाही." ब्रेक लावल्यावर गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब जाऊन थांबते, हे वाचूनच शंका यायला हवी. अशा पंधरा-वीस ओळी झाल्या की दिसतं, आपण वेगवेगळ्या वीस चुका करत नसतो. तीन-चारच असतात, त्या वेश बदलून येतात. पेपरच्या आदल्या संध्याकाळी वाचायला या वहीइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

वेळापत्रक, जे चौथ्या दिवशी कोसळणार नाही

रंगीत वेळापत्रक करण्याआधी साधा गुणाकार करा. परीक्षेला ३० दिवस आहेत आणि रोज खरोखर चार तास बसता येतं असं धरू. झाले १२० तास. त्यातले एक पंचमांश, म्हणजे २४ तास, राखीव ठेवून विसरून जा. आजारपण, पाहुणे, वीज जाणं, नुसता कंटाळा, सगळं त्यातून भागवायचं. उरले ९६. त्यातला एक तृतीयांश, ३२ तास, उजळणी आणि पूर्ण पेपर सोडवायला. नव्याने करायच्या धड्यांसाठी राहिले ६४ तास. पाच विषयांचे बारा-बारा धडे असतील तर साठ धडे, म्हणजे धड्याला तासाभराहून थोडा जास्त वेळ.

हा आकडा पाहून छातीत धस्स होतं. होऊ द्या, पण ते आज होऊ द्या. शेवटच्या आठवड्यात झालं तर हाताशी काही उपाय उरत नाही. आता धड्यांची छाटणी करता येते. प्रत्येक धड्यापुढे दोन आकडे लिहा: परीक्षेत त्याला साधारण किती मार्क असतात आणि आपल्याला तो कितपत येतो. मार्क जास्त आणि येतो कमी, ते धडे आधी आणि दिवसाच्या सगळ्यात ताज्या वेळेत. मार्क जास्त आणि येतोही बरा, त्यांना नुसता कोरा कागद पुरे. मार्क कमी आणि कळतही नाही, ते शेवटी. राहिले तर राहिले. सगळं करायलाच हवं या हट्टापायी सोप्या जागचे मार्क घालवणारे खूप असतात, विशेषतः हुशार मुलं.

वेळापत्रकात "रसायनशास्त्र, २ तास" असं लिहू नका. त्याने काय झालं की काम संपलं, ते कळत नाही. "आम्ल-अल्कली धडा, कोरा कागद, मग ८ समीकरणं संतुलित" असं लिहा. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमीच धरतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये या खोडीला "प्लॅनिंग फॅलसी" असं नावही दिलं. म्हणून पहिले तीन दिवस प्रत्येक कामाला ठरवलेला आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी-शेजारी टिपा. दीडपट निघत असेल तर पुढचं सगळं दीडपटीने मांडा. मागे पडलात म्हणून रात्री जागून भरून काढू नका, राखीव तासांतून घ्या.

बैठक किती वेळाची? २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी ही फ्रान्चेस्को चिरिलोची टोमॅटोच्या नावाची पद्धत सुरुवात करायला चांगली. बसायचाच कंटाळा येतो तेव्हा तर फारच. पण लांब गणितं किंवा निबंध मध्येच तुटतात, तिथे ४५–५० मिनिटं आणि दहा मिनिटांची सुट्टी बरी. सुट्टीत उठा, चाला, खिडकीबाहेर बघा. सुट्टीत फोन हातात घेतला की पाच मिनिटांची पंचवीस होतात. तो दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून टेबलावर ठेवलेला फोन हा फसवा बंदोबस्त आहे.

मित्रांबरोबर अभ्यास करायचा असेल तर एकच नियम पाळा: आधी प्रत्येकाने एकट्याने करून यायचं, एकत्र बसल्यावर फक्त एकमेकांना प्रश्न विचारायचे. एकत्र बसून वाचणं म्हणजे गप्पांना दिलेलं आमंत्रण.

शेवटच्या दहा-बारा दिवसांत प्रत्येक विषयाचा निदान एक पेपर पूर्ण सोडवा. घड्याळ लावून, परीक्षेच्याच वेळी, तसंच पेन, तीन तास न उठता. दीड तासानंतर हात दुखतो, लक्ष उडतं, शेवटचा प्रश्न राहतो. हे सगळं आधी एकदा घडून गेलेलं असलं की खऱ्या पेपरात त्याचा धक्का बसत नाही. तपासायचं दुसऱ्या दिवशी आणि कठोरपणे, उत्तरपत्रिका परक्याची आहे असं समजून.

झोप, कॉफी आणि धडधड

रात्रभर जागून अभ्यास करण्याचं कौतुक कधी थांबणार कोण जाणे. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, गाढ झोपेचा त्यात मोठा वाटा असतो. न झोपलेल्या डोक्यात दुसऱ्या दिवशी नवीनही नीट शिरत नाही, म्हणजे तोटा दोन्हीकडून. सात-आठ तास झोप हवी, आणि झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ ठरलेली हवी. परीक्षा सकाळी असेल तर निदान आठवडाभर आधीपासून त्या हिशोबाने उठा. दुपारी डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांची, गजर लावून. कॉफी-चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं अर्धं कॅफिन अकरा वाजता अजून अंगात असतं. दुपारनंतर बंद केलेलं बरं.

थोडा ताण कामाचा असतो, त्याने माणूस टेबलाशी बसतो. त्रास देतो तो घरंगळत जाणारा ताण: हा प्रश्न आला नाही, म्हणजे पेपर गेला, म्हणजे वर्ष गेलं. काळजीचे विचार डोक्यातली तीच जागा अडवून बसतात जी गणित करायला लागते. ते विचार कागदावर उतरवून काढा आणि प्रत्येकापुढे "आज याचं काय करता येईल" ते लिहा. काहीच करता येणार नसेल तर तसं लिहा. परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढल्याने मार्क वाढतात असा २०११मधला एक प्रयोग बराच गाजला, पण २०१८मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक दिसला नाही. त्यामुळे मार्कांसाठी नको, डोकं मोकळं करायला लिहा.

धडधड सुरू झाली की "शांत हो" असं स्वतःला बजावून फारसा उपयोग होत नाही. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं करा. सोडायचा श्वास लांब असला की हृदयाचे ठोके मंदावतात. ही सवय घरी पडलेली हवी. पहिल्यांदाच परीक्षेच्या खोलीत करून पाहिलं तर मन आकडे मोजण्यातच गुंतून राहतं.

मात्र चार-पाच रात्री झोपच नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं किंवा जगणं नको असं मनात येतं, अशा वेळी वेळापत्रक बाजूला ठेवा. घरातल्या कुणाला किंवा विश्वासाच्या शिक्षकांना त्याच दिवशी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. ते अभ्यासाच्या युक्त्यांनी सुटणारं काम नाही. घरच्यांसाठीही एक विनंती: "किती झालं?" याऐवजी "कोणता भाग विचारू?" असं म्हणा आणि पुस्तक हातात घ्या.

पेपरचा दिवस

आदल्या दिवशी नवं काही उघडायचं नाही. चुकांची वही, पहिल्या गठ्ठ्यातली कार्डं आणि लाल पानं, एवढंच. ओळखपत्र, दोन वापरलेली पेनं, पट्टी, घड्याळ, पाणी हे रात्रीच भरून ठेवा. नवंकोरं पेन आणू नका, ते ऐन वेळी दगा देतं. परीक्षेच्या दारात "तू हे केलंस का?" विचारत फिरणाऱ्यांपासून चार पावलं लांब उभे राहा.

शंभर मार्कांचा तीन तासांचा पेपर धरा. १८० मिनिटांतली दहा वाचायला, पंधरा तपासायला. उरली १५५, म्हणजे मार्काला दीड मिनिट. दहा मार्कांच्या प्रश्नाला पंधरा मिनिटं. त्यावर पाच मिनिटं जास्त गेली की तीन मार्कांचा वेळ दुसऱ्या कुठून तरी कापला जातो. पाल्हाळ लावलेल्या उत्तराच्या शेवटच्या अर्ध्या पानाला तेवढे मार्क कधीच मिळत नाहीत. सुरुवातीलाच सूत्रं आणि विसरायची भीती असलेल्या गोष्टी रफ कामाच्या जागी उतरवून ठेवा. पहिला प्रश्न हमखास येणारा घ्या. प्रश्नातलं क्रियापद बघा: "सांगा" आणि "स्पष्ट करा" यांना वेगळे मार्क असतात आणि "फरक लिहा" म्हटल्यावर दोन स्वतंत्र परिच्छेद लिहिले तर फरक लिहिलाच जात नाही. अचानक काहीच आठवेनासं झालं तर पेन ठेवा, चार-पाच लांब श्वास सोडा आणि त्या धड्याचा कोरा कागद डोळ्यांसमोर आणा: वर काय होतं, आकृती कुठे होती, लाल काय होतं. तरीही नाही आलं तर तीन ओळींची जागा सोडून पुढे जा. दुसऱ्या प्रश्नात गुंतलं की ते बऱ्याचदा आपोआप वर येतं.

पर्यायी प्रश्नांत "पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नये" असं सर्रास सांगतात. ते तितकंसं खरं नाही. २००५मध्ये क्रूगर आणि सहकाऱ्यांनी दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खोडाखोड तपासली, तेव्हा निम्म्या बदलांत चुकीचं उत्तर बरोबर झालेलं होतं. बरोबरचं चूक झालं ते साधारण पावभागच. बरोबर उत्तर बदलून चुकवल्याची हळहळ जास्त लक्षात राहते, म्हणून तो समज टिकून आहे. बदलायला कारण सापडलं असेल, प्रश्न वाचताना "नाही" हा शब्द सुटला होता किंवा पुढच्या प्रश्नातून धागा मिळाला असेल, तर बिनधास्त बदला. नुसतं चुळबुळ वाटतं म्हणून नको.

बाहेर पडल्यावर उत्तरं ताडत बसू नका, निदान शेवटचा पेपर होईपर्यंत तरी. जेवा, तासभर पडा, मग पुढच्या विषयाचा पहिला गठ्ठा काढा. आज वेळ कमी पडला, प्रश्न उलटा वाचला, असं काही घडलं असेल तर ती एक ओळ चुकांच्या वहीत टाका. विषय बदलला तरी ती परवाच्या पेपरालाही लागू पडते.